जर्दाळू वाळत होते तेव्हा

माहगुल, पुढच्या गुरुवारी
लेउवार्डनच्या स्टेशनावर मी तुला न्यायला येईन.
गाडी दहा सत्तावन्नला म्हणजे दहा सत्तावन्नलाच.
तीन मिनिटं उशीर झाला तर फलाटावरचे लोक
नातेवाईक फसवून गेल्यासारखे तोंड करतात.

उतरलीस की लाल रस्त्यावर थांबू नकोस.
लाल रस्ता सायकलींचा.
मागून घंटी वाजली तर ती शिवी नव्हे,
म्हणजे थोडीशीच शिवी.

आठवेल तसं सांगतोय, क्रम धरू नकोस.

इथे 'अर्धे चार' म्हणतात
तेव्हा साडेतीन वाजलेले असतात.
मी साडेचारला गेलो होतो,
खालच्या मजल्यावरच्या आल्त्ये वीर्समाकडे, पहिल्यांदाच,
नवा शर्ट घालून.
"एक तास उशिरा आलास," ती म्हणाली.
रागानं नाही. बाहेर वारा आहे म्हणावं, तसं.
मग कॉफी, मग पत्र्याचा डबा, त्यात बिस्किटं.
मी आपल्या रीतीनं म्हणालो, नको नको.

झाकण बंद.

त्या झाकणाचा आवाज, माहगुल,
मला अजून कधीकधी रात्री ऐकू येतो.
आपल्याकडे तिसऱ्या नकोनंतर
यजमान गळ्याची शपथ घालतो,
इथे पहिलाच नको खरा.
घरी येऊन मी चिडलो, भात टाकला,
आणि जेवताना वाटलं,
माझ्या एका शब्दावर इतका विश्वास
याआधी कुणी ठेवला होता?
कुठल्या चौकीवर, कुठल्या खिडकीत?
भूक असेल तर हो म्हण. एवढंच.

संध्याकाळी सहाला घराघरांत ताटं मांडलेली असतात,
मोठ्या काचा, पडदे सताड उघडे,
बटाट्यांची वाफ, कुणाचा तरी टकलावर पडलेला दिवा.
सगळं दिसतं, आणि बघायचं नसतं.
हे शिकायला मला दोन हिवाळे लागले.

वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडतात.
ज्याचा वाढदिवस त्याचंच नव्हे,
त्याच्या बहिणीचं, जावयाचं, शेजाऱ्याचंही
अभिनंदन करायचं, एकेकाचा हात हातात घेऊन.
मी ओळीनं करत करत कुत्र्यापर्यंत पोचलो,
त्याचाही पंजा हलवला.
गोल हसून हसून मोडला,
तेव्हापासून गल्लीत मला नाव आहे.

आल्त्ये तोंडावर बोलते.
माझ्या पुलावाला म्हणाली, "खारट."
त्याच तोंडानं महापालिकेत
माझ्या कागदांसाठी दीड तास भांडली.
येताना मी तिला बसचं तिकीट काढून दिलं,
तर तिनं पैसे मोजून परत केले, सुट्ट्यांसकट.
उपकार नकोत तिला. हिशेब हवा.
प्रेमाचाही ठेवते बहुतेक, दाखवत नाही.

तिच्या संडासाच्या भिंतीवर एक कॅलेंडर आहे.
त्यात वार नाहीत, साल नाही,
नुसत्या तारखा, आणि तारखांपुढे माणसं.
चार ऑक्टोबर: सिप्के. तिचा नवरा.
जाऊन नऊ वर्षं झाली, नाव खोडलेलं नाही.
परवा तिनं मला विचारलं, तुझा कधी?
एक जानेवारी, मी म्हणालो, कागदावर आहे ते.
"तुम्हा सगळ्यांचाच एक जानेवारी.
एवढी माणसं एका दिवशी जन्मत नाहीत. खरं सांग."

खरं काय सांगू?
आई म्हणायची, धाब्यावर जर्दाळू वाळत होते तेव्हा.
आल्त्येनं पेन्सिल कानामागून काढली.
"मला चौकट लागते. जुलै की ऑगस्ट?"

सतरा जुलै. पेन्सिलीनं.
"आईला विचार, मग शाईनं लिहीन."

तर निघण्याआधी तेवढं माझ्या आईकडे जा.
जर्दाळू घातल्याचा तो कितवा दिवस होता, विचार,
ऊन मावळतीला होतं का, तेही.
आणि तुझाही विचारून ठेव,
आल्त्ये सोडणार नाही.

भेटवस्तू काही नको. मोजे जाड आण.