पोकळीचं काम

शिरोलीच्या फौंड्रीत मी कोअर बनवतो.
म्हणजे बनवते. प्रांजल दुरुस्त करते मला,
"आई, बाईनं 'बनवते' म्हणायचं."
आमच्याकडं सगळ्याच बाया येतो, जातो, बसतो,
पण तिच्या शाळेत ते चालत नाही.
तर, बनवते.

कोअर म्हणजे वाळू.
काकवी कालवायची, पेटीत ठोकायची,
पावासारखी भाजून घ्यायची.
मग ती साच्याच्या पोटात ठेवतात, भोवती रस ओततात,
आणि लोखंड निवलं की
हातोड्यानं मारून मारून काढून टाकतात.
राहते ती पोकळी.
पंपातून पाणी जिथनं जातं ना, ती माझी.
मला पगार लोखंडाचा नाही, पोकळीचा मिळतो,
असं एकदा बोलून गेले तर सुपरवायझर हसला
आणि दोन पेट्या जास्त दिल्या.

स्वप्नाचं सांगायचं होतं.

आण्णा येतात.
तालमीचा हौदा असतो, पण लाल मातीवर गुडघाभर पाणी,
आणि ते मधोमध, धोतर नीट वर खोचलेलं,
विचारतात, "माझं पायताण कुठाय गं?"
एवढंच.
रागानं नाही. भाजीत मीठ घातलंस का विचारावं तसं.

आण्णांचं पायताण वाजायचं.
गल्लीच्या तोंडाशी करकर आली की
आम्ही भावंडं पत्ते गादीखाली सारायचो.
स्वप्नात काहीच वाजत नाही.
कधी आले, कळतच नाही.

सासूबाई म्हणाल्या, गेलेल्या माणसानं वहाण मागणं बरं नव्हे,
वाट चटके देत असेल,
अवसेला पंचगंगेच्या घाटावर कुणाला तरी नवा जोड दे.
दिला. आठ नंबर, साडेसहाशे रुपये.
घेणाऱ्याला घट्ट झाला, तरी तसाच चालत गेला.
आण्णा पुन्हा आले.

सीपीआरच्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचं पेन सरळ केलं.
"कशाचं अपराधी वाटतंय का तुम्हाला?"
मी नाही म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले
की त्यांनी ते लिहून घेतलं.
गोळ्या दिल्या. एकवीस रात्री
मी बंद शटरसारखी झोपले.
सकाळी तोंडाला गंजाची चव.
बाविसाव्या रात्री गोळी मोरीत टाकली
आणि वाट बघत पडले, लाज वाटावी इतकी.

खरं असं आहे,
आण्णा दवाखान्यात होते तेव्हा ते पायताण मीच
शाहूपुरीत दादू सातपुत्याकडं अंगठा शिवायला टाकलं होतं.
आण्णा गेले, तेरावं झालं, मी आणायला गेले नाही.
शिवून तयार, आणि घालायला पाय नाहीत,
असलं काही हातात धरून घरी कसं यायचं?
तेव्हापासून मी ती गल्ली टाळून लांबनं येतो.
येते.

शेवटी गेले एका रविवारी.
दादू म्हातारा झालाय, आरी धरताना मनगट थरथरतं.
नाव सांगितलं. बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिला.
"पैलवानाचं व्हय? पुरात गेलं की पोरी.
समद्यांचंच गेलं. गुडघ्याच्या वर पाणी हुतं हितं."
शिवणावळ नको म्हणाला. मी ठेवून आले.

स्वप्नाला पाण्याचं कुणी सांगितलं, मला माहीत नाही.
पूर सगळ्यांनीच बघितला होता, तेही असेल.
थोडं अंबाबाईला माहीत, थोडं डॉक्टरीणबाईंना.
मला फक्त वाळू कळते:
दिवसभर आपण भोवतीनं ओतत राहतो
भाकऱ्या, पाळ्या, भिशीचे हप्ते,
आणि रात्री कुणीतरी ठोकत बसतं,
आत काय होतं ते मोकळं करायला.

काल आण्णा आले.
विचारायच्या आत मीच म्हणाले, "पुरात गेलं, आण्णा."
ते वाकले, पाण्यात हात घालून उगाच थोडं चाचपलं,
मग अनवाणी पाय मातीत रोवून उभे राहिले,
जसे कुस्तीआधी राहायचे.
"कोण, तू हैस व्हय?"

"व्हय आण्णा. मी आलो."

तिथं कुणी दुरुस्त केलं नाही.