ओ

ऑगस्टा, मेन. रस्ते खात्याचं तळघर.
रात्रपाळीला मी
आणि चारशे बारा हिरवे ठिपके.

दर मिनिटाला सॉफ्टवेअर एकेकाला हाक मारतं
आणि जो तो ओ देतो:
पूल, मिठाची कोठारं, बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांचे डेपो,
पार कॅनडाच्या सरहद्दीपर्यंत.
कुणी ओ दिली नाही
की माझ्याकडे बघून लाल व्हायचं,
एवढंच त्याचं काम.

लोरेन थिबोडो निवृत्त होताना ठेवून गेली
खुर्चीच्या पाठीवर एक विटकी शाल
आणि 'थ्रेशोल्ड'च्या रकान्यात तिने भरलेले आकडे.
मी मनात त्याला उंबरठा म्हणते.
इतकं तापलं, इतका उशीर झाला, की ओलांडला.
आमच्याकडे उंबरठ्यावर बसू देत नसत.
इथे मला त्याचाच पगार आहे.

डेपो एकोणतीस मात्र
रोज तीन वाजून दहा मिनिटांनी मरायचा
आणि वीसला उठून बसायचा.
पहिल्या आठवड्यात मी चौघांची झोपमोड केली.
मग तिची नोंद सापडली, नऊ वर्षांपूर्वीची:
"कुणाला उठवू नकोस. क्लिफ्टन कॉफी करतोय.
तिथे प्लग एकच आहे."

तेव्हापासून तो लाल झाला
की मीही चहाचं आधण ठेवते.

काल तीन दहा झाले.
तीन बारा.
तीन पंधरा.
बाहेर बर्फ, आडवा.
एकोणतीस हिरवा.
हिरवाच.

सगळं सुरळीत आहे, पडदा सांगत होता
आणि माझ्या पोटात गोळा.
बिघाड झाला नाही, याचा अलार्म
कुठल्याच रकान्यात बसेना.

फोन लावला. नियमात नव्हतं.
सात वेळा वाजला. अकरा.
मग दार आपटलं, बूट, धाप,
आणि एक घोगरं "काय?"

म्हटलं, तुमचं यंत्र चालू आहे.
"मग?"
पुढे मला काही सुचेना.
तिकडचा वारा तेवढा ऐकू येत राहिला.
"कॉफी संपलीय, बाई," तो म्हणाला.
"सामानाची गाडी गुरुवारी."

सकाळच्या अहवालात त्या रात्रीपुढे: घटना नाही.
लोरेनच्या नोंदीखाली मी ओळ वाढवली:
गुरुवारपर्यंत हिरवा राहील.
काळजी नसावी.