‘खरं’ या शब्दाची नोंद

दोनशे बारा मुलाखती.
हिंडलगा जेल, निपाणी, खानापूर, अथणीच्या कोर्टाचा व्हरांडा.
विषय: जामीन मंजूर होऊनही आत राहिलेले कच्चे कैदी.
पथकप्रमुख मी.
सही माझी, शिक्का माझा,
आणि संकेतपुस्तिकाही माझीच:
कबुली एक, नकार दोन, संदिग्ध तीन,
उत्तर नाही नऊ.

इरव्वा होसमनी कन्नड बघायची,
दस्तगीर बागवान उर्दू आणि जीप.
मराठी टेपा उतरवायला पुण्याच्या दोन मुली,
हुशार, विरामचिन्हांना पक्क्या,
इथल्या चहात साखर फार म्हणून कुरकुरणाऱ्या.

मुलाखत एकशे सदतीस.
मष्णू गावडे, वय तेवीस, जांबोटीच्या वरचा.
चोर्ल्याच्या घाटात टेम्पो अडवला.
वर काजूची पोती, खाली गोव्याच्या बाटल्या,
पोत्यांवर झोपलेला हा, चढ-उताराचा हमाल.
जामीन पंधरा हजारांचा, जामीनदार जमीनवाला हवा.
चुलत्याच्या उताऱ्यावर तेरा नावं,
त्यातली चार मेलेली,
दोन वास्कोला.
अकरा महिने झाले.

टेपवर तो म्हणतो:
टेम्पोत होतो खरं दारू माझी न्हवं.
मुलींनी लिहिलं:
‘टेम्पोत होतो, खरं.’
पूर्णविराम. मग उरलेलं.
रकाना सतरा: एक.

ठाण्यातला लेखनिक तुमकूरकडचा, नवा.
त्यानंही कन्नडात एवढंच उतरवलं होतं:
गाडीत होतो हे खरे आहे.
मग पान संपलं की काय कोण जाणे,
खाली अंगठा.

आणि मी ते तपासून पुढं पाठवलं.

शहापूरच्या घरी रात्री आलेख रंगवत बसले होते,
कबुलीचा खांब निळा, चांगला उंच.
आतून आई म्हणाली,
‘आमटी केलीया खरं मीठ घालायचं राहिलं बघ.’

माझा हात थांबला.
अगं, ‘खरं’ म्हणजे आमच्यात ‘पण’.
हॉस्टेलात पहिल्या आठवड्यात हसल्या होत्या सगळ्याजणी,
आणि मी एका रात्रीत ‘पण’ शिकले,
इतका नीट शिकले
की आपलाच शब्द कानावरून गेला
आणि मी त्याला सत्य समजले.

अळणी आमटी तशीच भुरकली.
पुन्हा ऐकायला बसलो आम्ही.
मराठी टेपा अठ्ठ्याऐंशी.
इरव्वा, दस्तगीर, मी आणि आई,
आईला मानधन कुठल्या सदरात दाखवायचं कळेना,
‘विषयतज्ज्ञ’ लिहिलं.
ती डोळे मिटून ऐकायची आणि बोट वर करायची:
ह्ये पण. ह्ये पण. ह्ये खरंच खरं.
एका टेपला मात्र बोट अधांतरी राहिलं.
म्हणाली, ह्याचं त्यालाच म्हाईत.

एकसष्ट ठिकाणी ‘पण’.
निळा खांब बसला, पावसानं ओल्या भिंतीसारखा.

बेंगळूरच्या बैठकीत साहेब सौजन्यानं म्हणाले,
एका अव्ययानं धोरण बदलत नाही, मॅडम.
तळटीप करा.
केली. आठ पॉइंटात.
बारा ओळींची तळटीप, पानाचा अर्धा भाग खाते,
वाचायला चष्मा लागतो.
काढू दिली नाही, एवढंच म्हणेन.

मष्णू फाल्गुनात सुटला.
अहवालामुळं नाही.
वास्कोचे दोघं सहीला आले, इतकंच.

खानापूर स्टँडवर भेटला, हातात पिशवी,
नवी चप्पल एका अंगठ्याला लागलेली.
मी रेकॉर्डर काढला नाही.
विचारलं, बरं आहे ना आता?

‘सुटलो खरं’
म्हणाला, आणि जांबोटीची गाडी लागली.
तो धावला.

स्वल्पविराम कुठं द्यायचा
ते मी अजून ठरवलेलं नाही.