तिसरं भोक

फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं दुकान, पेट्यांचं.
भजनाच्या, नाटकाच्या,
एक तर उंदरांनी बाळंतपणं केलेली.
पण असली षट्कोनी चीज कधी आली नव्हती.
कुडतरीहून फ्लोरिंदा आफोन्सोने बसने आणली,
बिस्किटांच्या डब्यात, टॉवेल गुंडाळून,
आजारी मांजर आणावं तशी.

"शापायचें हें," म्हणाली. आजोबांचं.
तारवटी होते. एकोणीसशे अकरा साली
लंडनच्या धक्क्यावर नवंकोरं घेतलं.
घराबाहेर कधी गेलं नाही.
किंमत नको, म्हणाली, मला साल सांगा.

साल बाहेरून दिसत नाही.
सहा स्क्रू. पाच एका वाणाचे,
सहावा सायकलच्या दुकानातला.
आत लाकडावर ठोकलेला आकडा: २४१७.
डाव्या अंगालाही तोच.
बरं झालं, दोन मेलेल्यांचं एक केलेलं नाही.

हाडाची बटणं, तिसऱ्या रांगेतलं एक झिजून वाटीसारखं.
भात्याला पाच घड्या, घडीघडीवर सोनेरी ठिपक्यांचा कागद,
आणि जिथे चामडं फाटलं तिथे आतून
पोर्तुगीज वर्तमानपत्राची पट्टी,
खळ लावून डकवलेली.
तिच्यावर जहाजांच्या वेळा आहेत, तारीख फाटक्या भागात गेली.
लेबलावरचा पत्ता कसरीने खाल्ला,
उरला घराचा नंबर आणि गल्लीचं अर्धं नाव.

मडगावचे बँडवाले ज्युझार्त
बोटीवरून उतरलेल्या प्रत्येक वाद्याची वही ठेवतात.
फोनवर खोकत म्हणाले,
त्या कारखान्याने दोनदा बिऱ्हाड बदललं,
हा नंबर पहिल्या बिऱ्हाडाचा.
अठराशे नव्वदच्या अलीकडे येऊच शकत नाही.

म्हणजे नवंकोरं नव्हतं.
आजोबांच्या आधी वीस वर्षं
कुणाच्या तरी मांडीवर श्वास घेत होतं.
हे सांगितल्यावर ती माझ्याकडे पाहत राहिली,
जणू मीच तिच्या आजोबांना फसवलं.

मग हाताचे पट्टे दाखवले.
कारखान्याची भोकं दोन.
तिसरं सुरीने पाडलेलं, ओबडधोबड,
फार आत, लहान हातासाठी.
तारवट्याचा पंजा त्यात मावला नसता.

आणि सुरांच्या फळीवर, जिथे कुणी पाहत नाही तिथे,
पेन्सिलने, देवनागरीत:
सा रे ग.
दाबला की एक, ओढला की दुसरा,
म्हणून प्रत्येक सुराला दोन अक्षरं,
मधे बारीक रेघ.
एक सूर पोलादाचा नाही, पितळेचा,
आपल्या पेटीतला काढून घासून बसवलेला.

"घराबाहेर कधी गेलं नाही," ती पुन्हा म्हणाली,
पण या वेळी हळू.
थोड्या वेळाने: शेमाय मिरच्या घेऊन
फोंड्याच्या बाजाराला यायची,
बोरीला होडीने उतरून.
शापाय बोटीवर असले की दर आठवड्याला.
कधीकधी रिकामी टोपली घेऊन
रात्री उशिरा परतायची.
इथे ती थांबली. मीही काही विचारलं नाही.

त्या ग ची काठी खाली मोडलेली आहे.
माझे गुरू पुंडलीक च्यारी तसाच ग काढायचे.
तसा तर माझ्या मुलीचाही आहे,
आणि समोरच्या शिंप्याचाही.
एका अक्षरावरून माणूस पकडू नये.

कागदावर लिहिलं:
जन्म अठराशे नव्वदच्या आत, लंडन.
दुरुस्ती एकदा, बहुधा इथेच.
वाजवणारे किमान तीन. नाव एकाचंच ठाऊक.

पितळेचा सूर काढून पोलादाचा घालू का, विचारलं.
तसा खरा भाव येतो.
नको, म्हणाली, तो राहू दे.
तिने डाव्या पट्ट्यात हात घातला,
बकल पहिल्या भोकात सैल, दुसऱ्यातही सैल.

मजुरीचे तीनशे झाले. सायकलचा स्क्रू
मी परत होता तिथेच बसवला.