कौल

त्या रात्री देव काहीच बोलला नाही.

गुंडू गुरवानं रवळनाथाच्या छातीवर
भिजवलेली दोन फुलं चिकटवली.
उजवं पडलं तर बेळगावला न्या,
डावं पडलं तर अंगारा लावून इथंच ठेवा.
समईची वात दोनदा पुढं सारली,
दोन्ही फुलं होती तशीच.

बाहेर ओट्यावर शट्टू माझ्या मांडीवर.
आधी म्हणाला पोटात कळ येते,
मग म्हणाला, आई, पापण्या वर होत नाहीत.
डसल्याची खूण कुठंच सापडेना.
दीर हळूच म्हणाले, मण्यार.

नवरा हात जोडून आत उभा.
जरा थांबू, देव सांगेल.
मी उठले.
कौल अर्धा टाकून पायऱ्या उतरणारी बाई
आमच्या गावानं तोवर पाहिली नव्हती.

टेंपो सोनाप्पाचा, दुधाच्या कॅनांचा.
म्हाळाचे दिवस, भात पोटरीला आलेलं,
आणि कणकुंबीला धुकं असं बसलेलं
की दिव्यांचा उजेड आमच्याच तोंडावर परत यायचा.
सोनाप्पानं गाडी थांबवली.
वैनी, पुढं रस्ता आहे की दरी, कळत नाही.

मी देवाचं नाव घेतलं नाही.
त्याला शिव्या दिल्या,
आपल्या माणसालाच देता येतात तसल्या.

चेकपोस्टच्या खोलीतून एक माणूस आला.
जंगल खात्याचा, खाकी स्वेटर, कानाला मफलर.
मराठी येत नव्हती त्याला.
त्यानं बॅटरी आत मारली, पोराचं तोंड पाहिलं,
काही विचारलं नाही.
पांढरा टॉवेल पाठीवर पसरून बांधला
आणि टेंपोच्या पुढं चालू लागला,
चालता चालता पळू लागला.

बलक्क, ओरडायचा. बलक्क!
मग यडक्क.
उजवं आणि डावं.
बाजारातल्या कानडीतले तेवढे दोन शब्द मला येत होते.

टॉवेल दिसायचा, विझायचा.
विझला की आवाज यायचा.
फूल पडायची वाट बघावी
तशी मी त्या आवाजाची वाट बघत होते.
शट्टूचे श्वास मोजत होते,
दोनशेच्या पुढं आकडे चुकले.

धुकं विरळ झालं तिथं तो थांबला,
गुडघ्यांवर हात टेकून वाकला.
मी आतून हात जोडले.
हेदरब्याड्री, यव्वा, म्हणाला.
हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता,
तरी पोचला.

मग किणयेचं पाणी, पिरनवाडीचे दिवे,
मग नळी, मशीन, नऊ दिवस.
काचेच्या दारावर कानडीत काहीतरी लिहिलेलं,
आत येऊ नका असंच असणार.
मी ते देवाचं नाव समजले
आणि त्याच्याखाली चटई टाकली.

भीती गेली नाही. खोटं कशाला सांगू.
भीती चटईवर माझ्या शेजारीच निजायची,
फक्त गाडी ती चालवत नव्हती.

पलीकडच्या खाटेवर हुक्केरीची एक मुलगी होती.
ती उठली नाही.
तिच्या आईनं माझ्याहून जास्त नवस बोलले होते,
आणि देवाला एकही शिवी दिली नव्हती.
ह्याचा जाब मला मिळालेला नाही.
दिवा लावताना रोज मागते.

शट्टू आता तालमीत जातो,
एक पापणी जराशी आळशी राहिली आहे.

नारळ घेऊन गेलो तेव्हा गुंडू म्हणाला,
तुम्ही गेलात त्या पहाटे झाडायला आलो,
दोन्ही फुलं खाली पडलेली.
आधी कुठलं, मग कुठलं, कुणी पाहिलं नाही.
चाळीस वर्षं कौल लावतो,
असला कौल लागला नव्हता. ह्याचा अर्थ काय लावायचा?

मी म्हणाले,
रस्ताच तसा होता.