प्रश्नावली क्रमांक एकसष्ट

मठपती सर म्हणाले, विषय छोटा कर,
परात केवढी, पीठ केवढं काढलंयस.
मग भारताचं महाराष्ट्र झालं, महाराष्ट्राचं लातूर,
लातूरची एमआयडीसी,
एमआयडीसीतल्या सात डाळमिली,
डाळमिलींतल्या बाया.
बायांच्या पुढे अपूर्णविराम,
त्याच्यापुढे: अ स्टडी.
शीर्षक दोन ओळींत बसलं.
सरांनी हिरव्या शाईनं सही केली.

शंभर प्रती झेरॉक्स. पंचवीस प्रश्न.
प्रत्येकापुढे पाच चौकटी,
पूर्णतः सहमतपासून पूर्णतः असहमतपर्यंत,
आणि मधोमध तटस्थ,
पंगतीत बसलेला, पण
वरपक्षाचा की वधूपक्षाचा कुणालाच माहीत नसलेला.

इंग्रजी प्रश्नाचं मी उभ्याउभ्या मराठी करायचे,
मराठीचं परत लातुरी.
वर्क एन्व्हायर्न्मेंट म्हणजे, मावशी, इथं वारं येतं का?
येतंय की. तुरीचा धुरळा घिऊन येतंय.
करिअर ग्रोथला शब्दच सापडेना.
विचारलं, मावशी, आता पुढं काय?
म्हणाल्या, आता पुढं डबा खायचा.

सॉर्टेक्स मशीन आल्यापासून
काळा दाणा मशीनच हेरतं,
हवेची एक फुंकर, दाणा बाहेर.
या मिलीत तीस बाया होत्या, अकरा राहिल्या.
गेलेल्या एकोणीस जणींसाठी
माझ्याकडे चौकट नव्हती.
नमुना म्हणजे जे हजर असतात ते.

एकसष्ट नंबर दैवशाला सूर्यवंशी.
चाळण हलवता हलवता
तिनं पंचवीसही प्रश्न ऐकून घेतले,
मधे दोनदा शिंकली,
मग मलाच विचारलं:
कोणत्या चौकटीत खूण केल्यावर पास व्हशील माय तू?
तिथं कर.
मी म्हटलं, असं नसतंय मावशी,
जे खरं हाय ते सांगायचं असतंय.
तर म्हणाली, खरं कसं सांगू?
मुकादम तुझ्या मागंच उभा हाय की.

होता.

आधीच्या साठांच्या वेळी
मी मागं वळून पाहिलं नव्हतं.

होस्टेलवर लाइट येता-जाता
एक्सेलमध्ये नव्व्याण्णव ओळी भरल्या.
समाधानाची सरासरी तीन पूर्णांक चौऱ्याऐंशी.
देखणा आकडा. चार्टमध्ये निळा खांब
मिलीच्या धुराड्यासारखा उंच.
एकसष्टाव्या ओळीत कर्सर लुकलुकत राहिला.
वगळू का, विचारलं,
तर सर म्हणाले, नव्व्याण्णव हे
चपलेच्या किमतीसारखं दिसतंय, शंभर कर.
केले.
पंचवीस वेळा तटस्थ.
एकाच चौकटीतून खाली उतरत गेलेल्या खुणा,
विहिरीच्या पायऱ्यांसारख्या.

पाचव्या प्रकरणात, अभ्यासाच्या मर्यादा:
वेळ कमी होता, नमुना लहान होता.
मुकादम हा शब्द मी टाइप केला,
खोडला, पुन्हा केला,
मग इस्त्री करून सुपरवायझरी प्रेझेन्स असा ठेवला.
अर्धी ओळ.
बहिःस्थ परीक्षकांनी तिथवर पान उलटलं नाही.
चहात साखर जास्त झाल्याचं मात्र सांगितलं.

इरफानभाईंनी काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उमटवली,
माझ्या आडनावातली एक मात्रा उडाली होती,
ती त्यांनी टाचणीनं चिकटवून दिली.
चौथी प्रत घेऊन मी मिलीत गेले.

दैवशालानं आधी हातात तोलली.
दीड किलो भरंल, म्हणाली.
केवढ्याला पडलं?
चार प्रतींचे अठराशे.
म्हंजे पाच दिसाचा रोज.
पान काही उघडलं नाही तिनं,
ह्येच्यात मी कुठं हाय, हेही विचारलं नाही,
मी मात्र तक्ता चार पूर्णांक सातमध्ये बोट घालून
उगाच उभी.
काळ्या पुठ्ठ्यावर तिच्या अंगठ्याचा
पिवळा धुरळा उमटला होता,
तो तिनंच पदरानं पुसला.

आन् पास झालीस का?
झाले.
मंग बरोबर चौकटीत केलीस म्हन.