खडू भिजला तिथवर

वर्षातून चारदा जाते मी डिग्रजच्या पुढे.
फितीच्या टोकाला खडू चोळून
आदगोंडा मगदुमांच्या विहिरीत सोडते.
खडू भिजला तिथवर पाणी.
वहीत लिहिते : सहा मीटर वीस.

भोवतीचं शिवार सगळं क्षारपड.
उसाच्या नावानं पाणी पिऊन पिऊन फुगलेली जमीन,
चैत्रात अंगावर मीठ फुटलेली.
मधोमध एवढाच चुनखडीचा उंचवटा,
वीस-बावीस गुंठ्यांचं बेट,
दोन कडुनिंब, एक विहीर.
आसपासच्या विहिरी मचूळ,
हिचं एकटीचं गोड.

सुगंधाकाकू विचारतात,
"खाली भित्ताड हाय का गं मधे?"
भिंत नाही, काकू. काहीच नाही मधे.
पाऊस चुनखडीच्या भोकाभोकांतून उतरतो,
खाऱ्याला टेकतो
आणि राहतो वरच, हलका म्हणून.
दुधावर साय राहते तसा.
"साय धरता येती," काकू म्हणतात,
"ह्याला कुठं धरशील?"

खरंच. ते थांबतही नाही.
मधे जाड, कडेला पातळ,
अंधारात बोट बोट सरकत
ओढ्याच्या काठाला एका जागी पाझरतं,
तिथंच तेवढा लव्हाळा हिरवा
आणि टिटवीची पावलं.

पुतण्यानं बोअर मारली होती.
दीडशे फूट, साडेसातची मोटर.
पहिला उन्हाळा गोड गेला.
दुसऱ्या उन्हाळ्यात डाळ शिजेना, चहा नासला.
वरचं हातभर उपसलं
तर खालचं परसभर चढलं,
वारूळ चढावं तसं, बरोबर पाइपाच्या खाली.
पुतण्या म्हणाला, अजून खोल जाऊ.
काकूंनी फरशी टाकली भोकावर
आणि फरशीवर शेणी वाळत घातल्या.

चार पावसाळे गेले मग.
खारं आलं तसं उतरलं नाही,
रुसलेल्या माणसासारखं, कुणी बघत नसताना,
थोडं थोडं.

आता सकाळच्या सात घागरी. आठवी नाही.
काकू पांढऱ्या फडक्यातून पाणी गाळतात,
फडक्यात उरलेलं न दिसणारं काही
तांब्यात घेऊन, दोरीनं खालपर्यंत नेऊन,
पाण्याला टेकवून मगच कलता करतात.
"ज्याचं त्याच्या घरी."

तेवढं पाणी माझ्या मोजणीत येत नाही.
वहीत शेवटचा रकाना आहे : शेरा.
दरवेळी तिथं पेन अडतं.
आज 'चव गोड' लिहिलं
आणि ओला खडू ओढणीला पुसला.
थोडा खाली राहिलाच असेल,
चुन्यात चुना.